करेन लोक आणि त्यांचं हरवलेलं पुस्तक

समुद्रपक्षी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, हॅवलॉक वगैरे झालंच, पण यावेळी चार दिवस जास्तीचे काढून वर मायाबंदरला गेलो कारण नवऱ्याला करमाटांगच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं बघायची होती. जवळच वेबी नावाचं गाव आहे तिथे एका घरी राहायची सोय झाली. गाव करेन लोकांचं. (उच्चार क-रे-न, त्या इंग्रजी बायकांच्या नावाशी काही संबंध नाही.) मला तोवर हे नावही माहीत नव्हतं. १९२५ साली ब्रिटिशांनी जंगलकामासाठी ब्रह्मदेशातून काही कुटुंबं आणली, त्यांचीच ही पुढची पिढी. खांबांवरची लाकडी घरं, सुपारी, भातशेती, आणि गावात बॅप्टिस्ट चर्च. रविवारी आम्हीपण मागच्या बाकावर जाऊन बसलो. गाणी त्यांच्याच भाषेत, पुस्तकातली अक्षरं बर्मीसारखी गोल गोल.

त्या घरातल्या आजी मस्त हिंदी बोलायच्या. संध्याकाळी लाइट गेलेले, त्या सुपाऱ्या सोलत होत्या, मी सहज विचारलं की आजी तुमची लिपी किती जुनी? तर म्हणाल्या, "लिपी तो बाद में आया, पहले हमारा किताब मुर्गी ने बिगाड़ दिया." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली.

देवाने, त्याचं नाव य्वा, सगळ्या भावांना एकेक पुस्तक दिलं. करेन हा थोरला, त्याला चामड्यावर लिहिलेलं मिळालं. तो शेतात काम करत होता, त्याने ते बुंध्यावर ठेवलं आणि विसरला. पावसाने भिजलं, वाळत घातलं तर खाली पडलं, कोंबड्यांनी पायाने उकरून त्याच्या चिंध्या केल्या. धाकटा गोरा भाऊ मात्र आपलं पुस्तक नीट सांभाळून समुद्रापार गेला, आणि एक दिवस तो बोटीतून येईल आणि थोरल्याचं पुस्तक परत देईल. मी विचारलं, मग आलं का परत? आजींनी आत बोट केलं. कपाटावर बायबल होतं.

परत आल्यापासून मी या लोकांबद्दल वाचतच सुटलेय. आणि वाचताना पहिला धक्का हा बसला की वेबीमुळे मी करेन म्हणजे ख्रिश्चन असं धरून चालले होते, तर तसं अजिबात नाहीये. करेन लोकांची मुख्य वस्ती म्यानमारच्या आग्नेय भागात (तिथलं करेन राज्य, सरकारी नाव कायिन, राजधानी पा-आन), इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात आणि सीमेपलीकडे थायलंडच्या डोंगरात आहे, आणि त्यातले बहुसंख्य बौद्ध आहेत. म्यानमारच्या २०१४ च्या जनगणनेत कायिन राज्यात ८४ टक्क्यांच्या आसपास बौद्ध आणि १० टक्क्यांच्या आत ख्रिश्चन निघाले. म्हणजे जगाला दिसतात ते करेन बहुतेक ख्रिश्चन कारण शिक्षण, इंग्रजी, पुढारीपण सगळं तिकडे आलं, आणि खेड्यातला भातशेती करणारा करेन बहुतेक करून पॅगोडात जाणारा. आणि या दोन्हींच्या खाली जुना धर्म आहेच, तो दोघांनीही पूर्ण सोडलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे की करेन लोकांचा धर्म समजायचा तर ख्रिश्चन किती बौद्ध किती हे मोजत बसण्यापेक्षा त्या पुस्तकाची गोष्ट धरून चालावं. कारण गेल्या दोनशे वर्षांत त्यांच्यात जे जे नवं उभं राहिलं त्यातलं बरंचसं "ते पुस्तक आता कुणाकडे आहे" या एका प्रश्नाचं उत्तर आहे. कुणी याबद्दल वाचलंय का, कुणी तिकडे राहिलंय का? प्लीज लिहा.

जिज्ञासू_जुई

काय सुंदर गोष्ट आहे! ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला मंडाले आणि टिळक, नाहीतर रत्नागिरीचा थिबा राजा, त्यापुढे आपली गाडी जातच नाही. य्वा हे नाव यहोवासारखं वाटतंय पण. मिशनऱ्यांनीच घुसवलं नाही ना हे?

समुद्रपक्षी

जुई, अगदी हाच प्रश्न तेव्हाच्या मिशनऱ्यांनापण पडला होता, फक्त उलट बाजूने. फ्रान्सिस मेसन नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होता, त्याला य्वाच्या कथा ऐकून वाटलं की हे लोक म्हणजे इस्रायलच्या हरवलेल्या जमातींपैकीच. कारण गोष्टी खरंच जुळतात: य्वाने माणूस घडवला, बाग दिली, एक फळ खाऊ नका म्हणाला, मग मू काव ली नावाच्या दुष्टाने फसवून ते खायला लावलं आणि तेव्हापासून म्हातारपण, आजार आणि मरण आलं. पण स्गॉ करेन भाषेत (करेनची एक मुख्य बोली) य्वा या शब्दाचा अर्थ "वाहणे" असापण होतो. त्यांच्या पूर्वजांनी ओलांडलेल्या वाळूच्या नदीचं नाव आहे ना, ती-से-मे-य्वा, त्यातला य्वा हाच. त्यामुळे नुसत्या नावाच्या साम्यावर फार भार टाकू नये असं मला वाटतं.

आणि हरवलेल्या पुस्तकाची गोष्ट एकट्या करेन लोकांची नाही. त्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात, काचिन, वा, लाहू, आखा, सगळ्यांकडे काही ना काही रूपात आहे. कुणी म्हणतं आमचं पुस्तक चामड्याचं होतं, भूक लागली म्हणून आम्ही भाजून खाल्लं. खाली सपाटीवर राजे, मठ, पोथ्या, करवसुली, आणि वर डोंगरात लिपी नसलेले लोक. आपल्याकडे लिहिणं का नाही याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने शोधलंय. मला तर ही गोष्ट धर्मकथेआधी मनाला लागलेल्या सलाची गोष्ट वाटते, "आम्ही अडाणी नव्हतो, आमच्याकडेपण होतं, आमच्या हातून गेलं."

वाळूच्या नदीची गोष्ट राहिली. त्यांचा मूळपुरुष तॉ मे पा सगळ्यांना घेऊन निघाला. वाटेत लोकांनी गोगलगायी शिजवायला घातल्या, शिजल्या का बघतात तर कवच कडकच, थांबले, अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ. तोवर तॉ मे पा पुढे निघून गेला, आणि मागे राहिले ते आजचे करेन. म्हणजे पुस्तकही गेलं आणि बापही पुढे गेला. ही गोष्ट सांगताना आजींचा आवाज बदलला होता, मला अजून ऐकू येतो.

भिंगारकर

मी नगरचा, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेला, त्यामुळे राहवत नाहीये. एक धागा थेट आमच्या गावापर्यंत येतो.

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून दोन जहाजं पाच मिशनरी घेऊन हिंदुस्थानकडे निघाली. कॅरॅव्हॅनवर अडोनिरम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल, हार्मनीवर गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस. कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीने यांना टिकू दिलं नाही. जडसनने तिथेच बॅप्टिस्ट मत घेतलं आणि १८१३ च्या जुलैमध्ये रंगूनला पोचला. हॉल आणि नॉट त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि तीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात, जी पुढे १८३१ मध्ये नगरला आली आणि पुढे ज्या मिशनमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. म्हणजे करेन चर्च आणि आमचं नगरचं चर्च एकाच बॅचची म्हणायला हरकत नाही. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे कॉलऱ्याने गेला. जडसन त्याच्या दोन वर्षं आधी आवाच्या, म्हणजे ब्रह्मदेशच्या, राजाच्या तुरुंगात बेड्यांत होता, तेव्हा पहिलं इंग्रज-बर्मी युद्ध चालू होतं.

आणि हे बघा, नगरहून ज्ञानोदय सुरू झालं १८४२ मध्ये. करेन भाषेतलं पहिलं मासिक, नावाचा अर्थ पहाटतारा, तावॉयहून (आताचं दावे) सुरू झालं तेही १८४२ मध्येच. ज्ञानोदय आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून येतं, आणि त्याच वर्षी जन्मलेलं त्याचं एक भावंडं तिकडे समुद्रापलीकडे होतं हे मला पन्नाशीला कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

अश्वत्थ

धागा छान, पण एक प्रामाणिक शंका. भोळ्या लोकांना त्यांचीच गोष्ट दाखवून धर्म बदलायला लावलं असं नाही का हे? "तुमचा गोरा भाऊ आलाय, हे घ्या पुस्तक." मला हे पचत नाहीये.

समुद्रपक्षी

अश्वत्थ, शंका रास्त आहे, मलापण पहिल्यांदा हेच वाटलं. पण त्यात करेन लोक नुसते ऐकून घेणारे होते असं दिसत नाही. दोन गोष्टी सांगते.

पहिली को था ब्यू या माणसाची. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातला, बसीनकडचा (आताचं पाथेइन). तरुणपणी दरोडेखोर, तीसेक खुनांत आपला हात होता असं त्याने स्वतःच सांगितलेलं. कर्जापायी गुलामीत अडकला होता, तिथून सोडवून जडसनकडे आला. १६ मे १८२८ ला तावॉयला मिशनरी जॉर्ज बोर्डमनने त्याला बाप्तिस्मा दिला, हा पहिला करेन ख्रिश्चन. आणि त्यानंतर १८४० मध्ये मरेपर्यंत हा माणूस डोंगरात, जंगलात, नदीकाठी नुसता फिरत राहिला, एका गावातून दुसऱ्या. गोरे मिशनरी मोजके, त्यांना धड भाषा येत नव्हती, पावसाळ्यात तर ते हलूही शकत नव्हते. खरा प्रचार केला तो करेन लोकांनी करेन लोकांमध्ये. बसीनकडच्या चर्चांनी तर लवकरच मिशनच्या पैशावर चालायचंच बंद केलं, आपले पास्टर आपण पोसायचे, शाळा आपण बांधायच्या. को था ब्यूच्या बाप्तिस्म्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १८७८ मध्ये, तिथे त्याच्या नावाचा मोठा हॉल उभा केला.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तावॉयच्या डोंगरात एका गावात एक पुस्तक होतं. बोर्डमन येण्याच्या दहा-बारा वर्षं आधी कुणी मुसलमान प्रवासी ते देऊन गेला होता, याची पूजा करा म्हणाला. गावातल्या एकाने ते कापडात गुंडाळून जपलं, त्याचा पुजारी झाला, लोक येऊन नमस्कार करायचे. कुणालाच वाचता येत नव्हतं. बोर्डमन आल्याचं कळलं तेव्हा ते लोक कित्येक दिवस चालत ते घेऊन त्याच्याकडे आले, की बघ, हेच का ते आमचं? एकावर एक कापडं सोडली आणि आतून निघालं ऑक्सफर्डला छापलेलं इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनेचं पुस्तक, स्तोत्रांसकट. बोर्डमनने सांगितलं, पुस्तक चांगलं आहे पण पूजा पुस्तकाची करायची नसते.

आता यात कोण कुणाला फसवतंय सांगा? हे लोक मिशनरी भेटायच्या आधीपासून पुस्तकाच्या शोधात होते, हाताला लागेल ते पुस्तक "हे आमचं आहे का" म्हणून तपासत होते. गोऱ्या भावाचा तपशील मिशनऱ्यांनी फुगवला असेल, कारण या कथा लिहून ठेवल्या त्यांनीच आणि त्यांना त्यात रस होता, हे मान्य. पण ती ओढ त्यांची स्वतःची होती.

आणि एक, मिशनऱ्यांनी नुसतं पुस्तक नाही दिलं, लिपी दिली. जोनाथन वेडने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मी अक्षरांवरून स्गॉ करेनसाठी लिपी बसवली, मेसनचं पूर्ण बायबल १८५३ मध्ये आलं. ज्यांची गोष्टच "आमचं लिहिणं हरवलं" अशी आहे त्यांच्या हातात त्यांच्याच भाषेतली छापील पानं पडली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल.

अश्वत्थ

हं. हे मला माहीत नव्हतं. कापडातल्या पुस्तकाची गोष्ट वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पण मग जे बहुसंख्य बौद्धच राहिले त्यांचं काय? त्यांचा गोरा भाऊ आलाच नाही का?

बोधी

अश्वत्थ यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून लॉगिन करून लिहितोय. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते त्यामुळे आमच्या घरात ब्रह्मदेशाबद्दल नेहमीच आपुलकी, आणि करेन बौद्धांबद्दल मी थोडं वाचलंय.

त्यांच्याकडे येणारा जो आहे तो आर्य मैत्रेय, पुढचा बुद्ध. १९व्या शतकात, म्हणजे मिशनऱ्यांच्या शाळा जोरात चालू असतानाच, पा-आनच्या बाजूला प्वो करेन लोकांमध्ये लेके नावाचा पंथ निघाला. प्वो ही करेनची दुसरी मोठी बोली, स्गॉ आणि प्वो या दोन मुख्य. लेकेवाल्यांचं म्हणणं, पुस्तक हरवलंच नाही, कोंबडीने उकरताना मातीत जे ओरखडे उठले तीच आमची अक्षरं. आणि त्यांनी खरोखर स्वतःची लिपी वापरात आणली, तिला कोंबडीच्या ओरखड्यांची लिपीच म्हणतात! त्यांच्यात भिक्खू नाहीत, स्वतःची प्रार्थनाघरं आहेत, आणि मैत्रेय येईल तेव्हा सगळं पूर्ण होईल अशी श्रद्धा. सीमेवरच्या डोंगरात तेलाखोन म्हणून आणखी एक पंथ आहे, तोही मैत्रेयाची आणि त्या धाकट्या गोऱ्या भावाची, दोघांची वाट बघणारा.

म्हणजे समुद्रपक्षी ताई म्हणतात ते बरोबर वाटतं. बॅप्टिस्ट म्हणतो पुस्तक परत आलं. लेके म्हणतो ते इथेच होतं, तुम्हाला वाचता येत नव्हतं. तेलाखोन म्हणतो अजून यायचंय.

समुद्रपक्षी

बोधी, कोंबडीच्या ओरखड्यांची लिपी हे वाचून मी उडालेच! ज्या कोंबडीने घालवलं तिच्याच पायातून परत. आता आजींना फोन करून सांगायलाच हवं.

आणि कोंबडीचं अजून आहे. जुन्या करेन धर्मात कौल लावायचा तो कोंबडीच्या हाडांवरून. मांडीच्या हाडात बारीक भोकं असतात, त्यात बांबूच्या काड्या घालायच्या आणि त्या कशा उभ्या राहतात त्यावरून उत्तर: शेत इथे करू का, लग्न जमवू का, घर हलवू का. का? तर पुस्तकातलं ज्ञान कोंबडीच्या पायात गेलं ना, मग विचारायचं कुणाला, तिलाच.

कोकणातला_अण्णा

मी वाचतोय शांतपणे. आमच्याकडे दरवर्षी राखणदाराला राखण देतात, कोंबडा, नारळ, सगळी भावकी. जागेचा मालक तो, आपण नुसते कसणारे. यांच्यात असं काही आहे का? मला आपलं उगाच वाटलं की असणार.

उत्तरेचा_वारा

अण्णा, आहे ना! मी सहा वर्षं चियांग माईला नोकरीत आहे आणि माझे दोन सहकारी करेन आहेत, इथे त्यांना पगाकन्यॉ म्हणायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत "माणूस". त्यांच्याकडे पाण्याचा आणि जमिनीचा धनी असतो, त्याला विचारल्याशिवाय डोंगरातलं नवीन शेत तोडायचं नाही, वर्षाच्या वर्षाला गावाने मिळून त्याचं करायचं. तुमच्या राखणदाराचा सख्खा भाऊ शोभेल. भाताची वेगळी म्हातारी असते, फी बी यॉ, ती शेतातल्या बुंध्यावर बसून पीक राखते. परत बुंधा बघा.

मग घरातलं वेगळं. आईकडून चालत आलेला पितर असतो, त्याचं करताना घरातला एकूण एक माणूस हजर पाहिजे, एक जण जरी कामाला बँकॉकला गेलेला असला तरी त्याला यावं लागतं, परका कुणी नको, डुक्कर-कोंबडी ठरलेल्या पद्धतीने. आपल्या कुळाचारासारखं पण फारच कडक. माझा सहकारी म्हणतो की त्याच्या आईने ख्रिश्चन व्हायचं हेच एक मोठं कारण होतं, सहा भावंडं सहा दिशांना, एकाला सुट्टी मिळाली की दुसऱ्याला नाही, आणि अर्धवट केलं तर आजारपण येणार ही भीती. धर्म बदलला की त्या पितराच्या देण्यातून सुटका. हे पुस्तकात वाचून कळत नाही, त्यांच्या घरात जेवल्यावर कळतं.

आता बौद्धांचं. लाम्पूनजवळ फ्रा बात हुआय तोम म्हणून मोठं करेन गाव आहे. ख्रूबा वोंग नावाच्या भिक्खूच्या मागे डोंगरातून उतरून हजारो करेन तिथे येऊन राहिले, आणि सगळं गाव शाकाहारी! डुक्कर-कोंबडी ज्यांच्या प्रत्येक विधीत, त्यांनी एका भिक्खूच्या शब्दावर मांस सोडलं. मी शाकाहारी आहे, थायलंडात सहा वर्षांत इतकं निर्धास्त जेवण मला कुठेच मिळालं नाही, बाजारात एका बाईने मला पानात गुंडाळलेला भात फुकट दिला आणि मी कुठून आलो हे कळल्यावर अजून एक दिला. असंच म्यानमारमध्ये पा-आनजवळ थमान्याच्या डोंगरावर, तिथल्या सयाडॉच्या (ज्येष्ठ भिक्खूच्या) भोवती शाकाहारी वस्ती उभी राहिली, युद्धातून पळालेले लोक तिथे आसऱ्याला. ऑंग सान सू ची १९९५ मध्ये नजरकैदेतून सुटल्यावर तिथे दर्शनाला गेल्या होत्या.

तळेगावची_सई

युद्धातून पळालेले म्हणालात, हे युद्ध धर्माचंच आहे का? बातम्यांत कधीतरी करेन बंडखोर असं येतं.

उत्तरेचा_वारा

सई, धर्माचं नाही, पण धर्म त्यात शिरला आणि त्याने करेन लोकांचं फार नुकसान केलं. थोडक्यात सांगतो, हा विषय मोठा आहे.

करेन बर्मी राजांच्या काळात करवसुली आणि वेठबिगारीने गांजलेले, इंग्रज आल्यावर त्यांच्या बाजूने गेले, फौजेत भरती झाले. १८८१ मध्ये करेन नॅशनल असोसिएशन निघाली, तेव्हा ख्रिश्चन-बौद्ध असा भेद नको म्हणूनच निघाली होती, पण पुढारी शिकलेले म्हणजे ख्रिश्चन. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांबरोबर आलेल्या बर्मी फौजेने त्रिभुज प्रदेशात करेन गावं कापली, १९४२ चं म्याउंगम्या भागातलं हत्याकांड त्यातलंच. त्याच युद्धात मेजर सीग्रिम नावाचा इंग्रज अधिकारी करेन डोंगरात लपून लढत होता, जपान्यांनी त्याच्यापायी गावकऱ्यांचा छळ सुरू केला तेव्हा तो स्वतःहून हजर झाला आणि १९४४ मध्ये रंगूनला त्याला आणि त्याच्या करेन साथीदारांना मारलं. मग स्वातंत्र्य, वेगळं राज्य मिळालं नाही, १९४७ मध्ये केएनयू (करेन नॅशनल युनियन), ३१ जानेवारी १९४९ पासून लढाई. पहिले अध्यक्ष सॉ बा ऊ ची १९५० मध्ये मारले गेले. तेव्हापासून मधले युद्धविराम सोडले तर चालूच आहे.

आता धर्माचं. केएनयूचे वरचे बहुतेक ख्रिश्चन, आघाडीवरचे सैनिक बहुतेक बौद्ध. १९९४ मध्ये ऊ थुझाना नावाच्या करेन भिक्खूने मानेरप्लॉच्या मुख्य तळाजवळ पॅगोडा बांधायला घेतला. वरच्यांनी अडवलं, पांढरा पॅगोडा विमानांना खूण होईल म्हणून. सैनिकांना वाटलं आमच्या धर्माला अडवतायत, आणि बढत्या, वागणूक, जुन्या सगळ्या तक्रारी वर आल्या. डिसेंबरमध्ये बौद्ध सैनिक फुटले, वेगळी सेना काढली, सरकारी फौजेला वाटा दाखवल्या आणि १९९५ च्या जानेवारीत मानेरप्लॉ पडलं. माझ्या सहकाऱ्याचे वडील तेव्हा तिथे होते. ते आजही म्हणतात की आम्ही शत्रूकडून हरलो नाही. ते ख्रिश्चन, त्यांचा लहानपणचा दोस्त बौद्ध, तो दुसऱ्या बाजूला गेला, पुन्हा भेट नाही.

हे सांगताना मला त्रास होतो कारण मी इथे रोज बघतो की एकाच घरात एक भाऊ चर्चला आणि एक वाटला (बौद्ध मंदिरात) जातो आणि भातलावणीला दोघं एकाच बांधावर असतात.

समुद्रपक्षी

वाचून पोटात कालवलं. इतकी वर्षं एका पुस्तकाची वाट बघणारे लोक एका पॅगोड्यावरून फुटावेत. पण मला वाटतं फुटायचं कारण पॅगोडा नव्हताच, वरच्यांनी खालच्यांना मान दिला नाही हे होतं. को था ब्यू गावोगाव फिरला तेव्हा तो स्वतः खालचाच होता ना.

मिनेसोटा_मराठी

मी सेंट पॉलला राहते. इथे करेन लोकांची खूप मोठी वस्ती आहे, थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतून आलेले, मे ला ही त्यातली सगळ्यात मोठी छावणी. आमच्या लायब्ररीत मी आठवड्यातून एकदा मुलांना गणित शिकवते, त्यात निम्मी करेन.

वरती जुन्या धर्माचं आलं म्हणून मनगटाला दोरा बांधायच्या सणाबद्दल लिहिते, ला कू की सू, ऑगस्टमध्ये असतो. माणसाच्या आत क्ला असतो, आत्मा म्हणा, पण एक नाही, बरेच, आणि ते भटके. घाबरलं, आजारी पडलं, लांब गेलं की एखादा क्ला मागे राहतो. मग घरातली म्हातारी माणसं त्याला नाव घेऊन बोलावतात, ये, घरी ये, जंगलात राहू नको, पाण्याकाठी राहू नको, आणि पांढरा दोरा मनगटाला बांधून त्याला आत ठेवतात. समोर सात वस्तू: पांढरा दोरा, थंड पाणी, भाताचे मुटके, चिकट तांदळाची त्रिकोणी पुडी, केळी, ऊस आणि एक फूल.

मागच्या वर्षी एका मुलाने मला बोलावलं. हॉल गच्च भरलेला, सगळे विणलेले रंगीत झगे घालून, तो मोठा काशाचा ढोल, ज्याच्यावर बेडूक असतात, त्याच्यावर ठोके. काही पास्टर या सणाला येत नाहीत, क्लाला हाक मारणं त्यांना चालत नाही. काही येतात, म्हणतात ही आमची रीत आहे. या मुलाचं घर बॅप्टिस्ट आणि त्याच्या आजीने मलापण दोरा बांधला. ती काय म्हणत होती ते मुलाला विचारलं तर म्हणाला, तुझा जो क्ला इंडियात राहिलाय त्याला बोलावतेय. मी पुण्याहून इकडे येऊन अकरा वर्षं झाली. मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं. दोरा तुटेपर्यंत काढला नाही.

जिज्ञासू_जुई

बाई गं. हे वाचून मलाच रडू आलं.

भिंगारकर

फार छान लिहिलंत. आमच्याकडेपण असेच वाद झाले होते, कीर्तन करायचं का, टाळ-मृदंग चर्चमध्ये चालेल का. रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, ते आज आम्ही गातो आणि कुणाला वावगं वाटत नाही. त्या पास्टर मंडळींबद्दल मी काही बोलणार नाही, पण त्या आजीच्या बाजूने मी आहे.

अश्वत्थ

समुद्रपक्षी, वेबीला जायचं कसं ते लिहा ना. आणि आजींना अजून एक विचारा, अंदमानला येताना त्यांच्या लोकांनी काय काय बरोबर आणलं होतं.

समुद्रपक्षी

अश्वत्थ, पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) पहाटेची बस घ्या, मधे जरावांच्या जंगलातून गाड्यांचा ताफा जातो आणि फेरीने खाडी ओलांडायची, मायाबंदरला संध्याकाळ होते. तिथून वेबी जवळ. डिसेंबर ते फेब्रुवारी जा म्हणजे कासवंही दिसतील.

काल फोन केला होता. आजींना कोंबडीच्या लिपीचं सांगितलं तर त्यांना माहीत नव्हतं, आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, लिहून पाठव, कशी दिसते बघू. तुमचा प्रश्नही विचारला. म्हणाल्या माझी आजी सांगायची की भाताचं बी, विणायचा माग आणि गाण्यांचं पुस्तक. बी अजून आहे का विचारलं तर म्हणाल्या एक जात आहे, घरापुरती लावतो.

बोधी, त्या अक्षरांचं एखादं पान मिळालं तर मला पाठवाल का? त्यांच्या मुलीच्या फोनवर पाठवते.

बोधी

शोधतो. रविवारपर्यंत देतो.

मिनेसोटा_मराठी

आणि मी ऑगस्टमध्ये त्या मुलाच्या आजीला तुमच्या आजींबद्दल सांगणार आहे. अंदमानला करेन आहेत हे इथे कुणालाच माहीत नव्हतं, लायब्ररीत मुलांना नकाशावर मायाबंदर दाखवलं तर चौघं जण टेबलावर चढून बघत होते.